फाटक बंद होईल तेव्हा म्हातारी कोणाकडे

शनिवार, १८ एप्रिल २०२६

म्हातारी आली. वैशाख लागला आणि दारात हजर! मी ओट्यावर कोळंबी सोलत बसले होते, तेवढ्यात गाठोडं पायरीवर आदळलं. कशी आहेस, बरी आहेस, काही नाही. "ठानेवाली, पानी दे." लग्नाला एकतीस वर्षं झाली, माझं नाव अजून तिच्या तोंडात बसलेलं नाही. माहेर ठाण्याचं, म्हणून ठाणेवाली. आणि पलीकडच्या जावेला मात्र "लक्षुमी, लक्षुमी"!

अडीच वर्षांपूर्वी सासरे गेले आणि भावकीने वाटणी केली. रेल्वे फाटकाच्या अलीकडचं घर आम्हाला. पलीकडचं सहदेवला, म्हणजे धाकट्या दिराला आणि त्याच्या लक्ष्मीला. घरं वाटली, भांडी वाटली, शेवटी सासूबाई उरल्या. मग त्यांचेही महिने वाटले. चैत्र लक्ष्मीचा, वैशाख माझा, ज्येष्ठ लक्ष्मीचा, आषाढ माझा — असे आलटून पालटून बारा. गुणाजीकाका भावकीत सगळ्यांत मोठे. त्यांनी वर एक अट घातली. "कोनी आनाची नाय, कोनी पोचवाची नाय. आय आपले पायान येल, आपले पायान जाल." कारण पोचवायला गेलं तर लोक म्हणणार, हाकलली. आणायला गेलं तर दुसरा म्हणणार, एवढी हौस आहे ना, मग ठेव कायमची. म्हणून दर महिन्याला म्हातारी गाठोडं घेऊन एकटी फाटक ओलांडते आणि दोन्ही घरं आपापल्या बाजूला उभी राहून बघतात. अब्रू दोघांचीही शाबूत.

कोळंबी तिला वाढली नाही. तिखट बाधतं, असं नवऱ्याला, आनंदाला सांगितलं.

रविवार, १९ एप्रिल

रात्रभर खोकली. आनंदा दोनदा उठला. मी एकदाही नाही.

गुरुवार, २३ एप्रिल

आज देवीला नारळ फोडायला हवा!

फाटकावर बोर्ड लागलाय. रत्नदीप — तिथला गेटमन, बारा वर्षं आम्हाला अडवतोय — खुर्ची बाहेर टाकून चहा पीत बसला होता. म्हणाला, "ताई, एकतीस मे. त्यानंतर फाटक विसरा. दोन्ही साइडनी भिंत घालणार, मांजर पण जाणार नाय." उड्डाणपूल झालाच आहे जवळजवळ. गाड्यांसाठीचा चढ पार पेट्रोलपंपापासून सुरू होतो, आणि माणसांसाठी बाजूने लोखंडी जिना. ताडमाड! बघूनच गुडघे बोलायला लागतात.

आजूबाजूला सगळे खूश. खूश का असणार नाहीत! या फाटकापायी काय कमी भांडणं झाली? रिक्षावाले रत्नदीपच्या आईपर्यंत पोचायचे. दोन गाड्या गेल्या की तिसरी येतेय म्हणून फाटक पडलेलंच. इकडचे तिकडे अडकलेले, तिकडचे इकडे. शहरात दुसरीकडची फाटकं कधीच गेली, आमचंच मेलं चिवट.

आणि उभ्या उभ्या माझ्या डोक्यात उजेड पडला. म्हातारीला जिना चढता येत नाही! सपाटीवर चालते, तेही बसत उठत. दोन पायऱ्या दिसल्या की खाली बसते आणि आईबाप आठवते. पोचवायची नाही, आणायची नाही, आपल्या पायांनीच यायचं — आणि पायांना रस्ताच नाही! म्हणजे भिंत उभी राहील त्या दिवशी म्हातारी जिच्या घरात, तिच्या घरात. कायमची.

बोटांवर मोजलं. अठरा एप्रिलला वैशाख लागला. सोळा मेला संपतो. मग ज्येष्ठ. एकतीस मे ज्येष्ठात. ज्येष्ठ लक्ष्मीचा!

मी एकटीच हसायला लागले. रत्नदीपला वाटलं फाटक जाणार म्हणून. तोही हसला बिचारा.

शनिवार, २ मे

आमच्या मुलाचे, कमलेशचे होणारे सासू-सासरे खडवलीहून आले होते. लग्न दिवाळीनंतर, पण मुलीची आई घर बघायला आली, ते उघड आहे. मीही आतली खोली दाखवली. म्हटलं, ही दोघांची. खिडकी पूर्वेला, पंखा नवीन. बाई मान हलवत होती आणि नाक आवळत होती. खोलीत म्हातारीचा वास. मशेरीचा, मुताचा, बामचा. दोन वेळा फिनेल मारलं होतं मी!

तेवढ्यात ती स्वतःच आली. लुगडं अर्धं सुटलेलं. पाहुण्यांकडे बघून म्हणाली, "कोन मेला? सगली अशी का बसलीत?"

आनंदा हसला! मुलीचे वडीलही हसले. मी आणि ती बाई तेवढ्या हसलो नाही.

पाहुणे गेल्यावर म्हातारीने जेवण मागितलं. मी म्हटलं, आत्ताच नाही का जेवलात? ती गोंधळली. बोटं बघितली, हुंगली. "जेवली मी?" म्हटलं, हो, भात आणि बोंबलाचं कालवण. "आसंल," म्हणाली आणि पडून राहिली. हल्ली तिला काही आठवत नाही, हा तिचा मोठा गुण. संध्याकाळपर्यंत काही मागितलं नाही.

इथे दुसरं कोणी वाचणार नाही, म्हणून लिहून ठेवते. मला वाईट वाटलं नाही. नवी नवरी होते तेव्हा मी पहिल्यांदा कालवण केलं होतं. या बाईने बोट बुडवून चाखलं आणि अख्खं पातेलं अंगणात कुत्र्यापुढे ओतलं. आठ माणसांसमोर. वर म्हणाली, "ठान्याची कुत्री खातान, आमची पन खातीन." कुत्र्याने खाल्लं. सगळे हसले. आनंदाने मान खाली घातली आणि नुसता भात खाल्ला. तिला ते आठवत नसेल. मला आठवतं.

मंगळवार, १२ मे

गावदेवीच्या देवळात लक्ष्मी भेटली. ओटी भरत होती. एवढी गोड हसली. ही बाई फुकट हसत नाही.

"ताई, आवंदा जेठ दोन हात, ठाव हाय ना?"

म्हटलं, दोन कसे?

"अधिक मास नाय का! सतरापासून अधिक लागतो. मग खरा जेठ, जूनमधी. मलमासान कोन घर बदलतं का? आय जिथं हाय तिथंच ऱ्हवाला पायजे."

घरी येऊन कॅलेंडर काढलं. खरंच! लाल अक्षरांत छापलंय, अधिक ज्येष्ठ. जानेवारीपासून भिंतीवर टांगलंय, आणि मी बोटांवर मोजत बसले. बोटांवर अधिक महिना येत नाही.

आता सोळा जूनपर्यंत म्हातारी माझ्याकडे. आणि फाटक एकतीस मेला बंद!

दुष्काळात तेरावा महिना म्हणतात, तो हा. माझ्याच पदरात पडायचा होता.

बुधवार, १३ मे

झोप नाही. म्हातारी घोरत होती.

शुक्रवार, १५ मे

गुणाजीकाकांच्या ओट्यावर बसलो सगळे. मी, आनंदा, सहदेव, लक्ष्मी. मधे म्हातारी, पाय पसरून, मशेरी लावत.

फाटकाचं नाव कोणी काढलं नाही. सगळ्यांना माहीत, सगळ्यांच्या मनात तेच, पण तोंडात फक्त पंचांग! मी म्हटलं, नावाने ज्येष्ठच आहे ना? अधिक असला तरी ज्येष्ठच. मग ज्येष्ठ जिचा, तिचे दोन्ही. माझं म्हणणं काय चुकलं? लक्ष्मी पदर सावरून म्हणाली, "लगीन नाय, वास्तू नाय, नवा कपडा पन नाय घेत आपन मलमासान. मंग आय कशी हालवाची? काय वाईटवंगाल झालं तं?" आली मोठी शास्त्र सांगणारी! श्रावणात चोरून सुकट खाते.

सहदेव आपला चपलेने माती उकरत होता. आनंदाकडे बघितलं. म्हटलं बोल काहीतरी, तुझी आई आहे. तर म्हणाला, "ऱ्हवंदे ना आपलेकरं. काय व्हतंय."

काय व्हतंय! हा माणूस महापालिकेच्या पाणीखात्यात व्हॉल्व्ह उघडतो आणि बंद करतो. आयुष्यभर दुसऱ्यांचं पाणी सोडलं, बायकोच्या बाजूने एक थेंब नाही.

म्हातारी मधेच म्हणाली, "कोनाचं लगीन हाय?"

गुणाजीकाकांनी निकाल दिला. "मलमासान आय हालवाची नाय. जिथं हाय तिथं." लक्ष्मी उठून पाया पडली. त्यांच्या, आणि मग माझ्याही! मोठी जाऊ ना मी. तिच्या डोक्यावर हात ठेवताना केस उपटावेसे वाटले.

रविवार, २४ मे

दुपारी आनंदा म्हातारीची नखं काढत होता. पायाची. परातीत कोमट पाणी, तिचे पाय त्यात बुडवलेले, आणि हा खाली बसून एकेक बोट पुसतोय. ती त्याला काहीतरी जुनं सांगत होती. मिठागरात त्याच्या बापाला भाकरी न्यायची तेव्हा तिचे पाय कसे फुटायचे, आणि हा लहानगा पायांवर फुंकर मारायचा. तो हसत होता. असं हसणं घरात बाकी कधी ऐकू येत नाही.

मला तिचा राग येतो, हे खरं. पण तिच्याजवळ बसलं की त्याच्या चेहऱ्यावर जे येतं, त्याचा जास्त राग येतो. माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टरांशी बोलला, औषधं आणली, रिक्षा आणली. सगळं केलं. पण माझा पाय हातात घेतला नाही.

मी परात उचलली आणि पाणी मोरीत ओतलं. एक पाय अजून व्हायचा होता.

शुक्रवार, २९ मे

पुढे ढकललं! फाटक पुढे ढकललं!

रत्नदीपने स्वतः हाक मारून सांगितलं, "ताई, भिंतीचे स्लॅब आले नाय अजून. आता वीस जून, फायनल." रोज विचारायला जात होते, त्याला वाटत असेल मला फाटकाचा लळा लागलाय. म्हणाला, "बघा, तुमची इच्छा होती, तीन आठवडे अजून मिळाले फाटकाला."

सोळा जूनला खरा ज्येष्ठ लागतो. म्हातारी सोळाला पलीकडे. वीसला भिंत! देवी कोणाचं ऐकते ते आता कळेल लक्ष्मीला. पाच नारळ बोलले होते, अकरा देईन.

आज म्हातारीला मांदेली तळून वाढली. गरम. बघतच राहिली ताटाकडे.

शनिवार, १३ जून

लक्ष्मीचा निरोप. त्यांच्या सुमितला कांजिण्या आल्यात म्हणे. आयला या वयात नको, बरं होईपर्यंत तिकडेच राहू दे.

कमलेशला स्कूटरवरून पाठवलं. दहा मिनिटांत परत. म्हणाला, "आई, सुमित तर ग्राऊंडवर बॉलिंग टाकतोय. मला पण दोन ओव्हर दिल्या."

मी उलट निरोप धाडला. सुमितला बरं वाटतंय हे ऐकून आनंद झाला. सोळाला आय येतायत.

मंगळवार, १६ जून

गेली.

सकाळी न्हाऊ घातलं. नवं लुगडं नेसवलं, फिक्या हिरव्या रंगाचं, म्हणजे लोकांना दिसावं आम्ही काय ठेवतो ते. केस विंचरले. गाठोडं मीच बांधून दिलं. तिच्या सगळ्या वस्तू घातल्या त्यात, बामची रिकामी बाटलीसुद्धा. परत येण्यासारखं काही मागे राहायला नको.

फाटकापर्यंत आम्ही चालत गेलो. पुढे तिने एकटीने जायचं, असंच असतं. बरीच माणसं जमली होती. चारच दिवस राहिले म्हणून लोक फाटकाचे फोटो काढत होते. जन्मभर शिव्या घातल्या आणि आता त्याच्याबरोबर सेल्फी! दोन लोकल गेल्या, मग रत्नदीपने दांडा वर केला. म्हातारी काठी टेकत निघाली. एका हातात काठी, काखेत गाठोडं. मधल्या रुळापाशी थांबली आणि मागे वळून बघितलं. मला वाटलं, आली परत! सगळी बघताहेत, म्हणून मी मोठ्याने म्हटलं, "आय, आषाढ लागला की या हो! मी वाट बघते!"

बायका माझ्याकडे बघायला लागल्या. एक तर म्हणाली, सून असावी तर अशी.

म्हातारी म्हणाली, "येतंय." आणि गेली.

पलीकडे लक्ष्मी दारात उभी. तोंड असं की घरात साप निघालाय. मी हात हलवला.

आनंदा शेजारीच उभा होता. फाटक पडलं, मालगाडी आली, ती जाईपर्यंत काही दिसत नव्हतं, तरी हा उभाच. घरी येताना एवढंच म्हणाला, "भिंत व्हनार हे आयला कोनी सांगितलं का?"

म्हटलं, सांगितलं तरी लक्षात राहणार आहे का तिच्या?

शनिवार, २० जून

बंद!

क्रेनने एकेक स्लॅब उतरवला. दुपारपर्यंत आमच्या बाजूची भिंत उभी, संध्याकाळी पलीकडची. रत्नदीपची बदली झाली. जाताना आमच्याकडे चहा प्यायला. म्हणाला, बारा वर्षांत या फाटकात एकही माणूस मरू दिला नाही. खरंय त्याचं. आरडाओरडा करायचा, शिट्ट्या फुंकायचा, एकदा एका पोराला कॉलरने ओढला होता. मी त्याला दुसऱ्यांदा चहा दिला.

पूल मात्र अजून उघडलेला नाही. कोणी मोठे पाहुणे यायचेत फीत कापायला, त्यांना वेळ नाही. गाड्यांना शहाडवरून मोठा वळसा. चालणाऱ्यांना लोखंडी जिना. बायका चढताना देवाचं नाव घेतात आणि उतरताना पालिकेचं.

मी आतल्या खोलीत गेले. खिडकी उघडी टाकली. गादी गच्चीवर नेऊन उन्हात... ऊन कुठलं, आभाळ होतं. तरी टाकली. मग मधोमध खुर्ची ठेवून नुसती बसले. जिंकल्यावर माणसाने काय करायचं असतं ते मला माहीत नाही. कधी वेळच आली नव्हती.

रविवार, २८ जून

भिंतीला भगदाड. आठ दिवस नाही झाले! जुन्या फाटकाच्या थोडं पुढे कोणीतरी दोन स्लॅब सरकवून ठेवलेत. आता सगळे तिथूनच वाकून जातात. भाजीवाली तर भगदाडाशेजारीच टोपली घेऊन बसायला लागलीय. पूर्वी रत्नदीप तरी शिटी मारायचा.

आनंदा हल्ली उशिरा येतो. ड्यूटी दोनला सुटते, घरी येतो पाचला. म्हटलं, कुठे असतोस? तर व्हॉल्व्ह लीक, पाइप लीक. आज जवळ आला तेव्हा शर्टाला मशेरीचा वास.

बाई असती तर एक वेळ परवडली असती. हा पंचावन्न वर्षांचा बाप्या भगदाडातून चोरून आईकडे जातो! तिचे पाय चेपतो. सहदेवच्या घरात, लक्ष्मीच्या डोळ्यांदेखत. लक्ष्मीने गावभर केलं नसेल? की मोठीने आय टाकली आणि मोठा रडत येतो म्हणून?

विचारलं तसं कबूल केलं. म्हणाला, "ती लोकां तिला उचलून वरती माल्यावर ठेवतान. मधी जिना. खाली उतरता येत नाय तिला."

हुशार आहे लक्ष्मी. मला सुचलं नव्हतं.

सोमवार, ६ जुलै

आनंदाने तोंड उघडलं. एकतीस वर्षांत पहिल्यांदा ताट सरकवून बोलला. "पंधराला आषाढ लागतो. आपला महिना. मी आयला रिक्षान आनतो, शहाडवरशी."

मी शांतपणे भाकरी थापत होते. म्हटलं, आणाची नाय, पोचवाची नाय. कोणी सांगितलं? तुझ्याच गुणाजीकाकांनी. तू आणायला गेलास की झालं. सहदेव म्हणेल, भावाला एवढी माया आहे, तर आता त्याच्याकडेच. मग तुझी आई मरेपर्यंत माझ्या उरावर, आणि कमलेशची बायको झोपेल ओट्यावर.

"मंग काय करू?"

"तिला सांग, आपल्या पायांनी यायचं. मी कधी दार लावलं? रिक्षातून उतरली तर त्याच रिक्षाने परत पाठवीन. आपल्या पायांनी दारात आली तर घर तिचं."

ताट आणखी लांब सारलं. मग म्हणाला, "दारात आपले पायान आली का झालं ना?"

"हो."

"मंग तू काय बोलनार नाय?"

"नाही बोलणार. आणि येऊ तरी दे!"

तव्यावरची भाकरी करपली. तो जेवला नाही. मी झाकून ठेवलं नाही.

मंगळवार, १४ जुलै

आतल्या खोलीला रंग दिला. फिका गुलाबी. मुलीच्या आईला फोटो पाठवला, तिने तीन बदाम पाठवले.

बुधवार, १५ जुलै

आषाढ लागला.

आनंदा उजाडताच उठला. आंघोळ केली, धुतलेला शर्ट घातला. आज सुट्टी आहे त्याची, तरी चहा न घेता गेला. विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगितलंही नसतं.

आषाढ माझा आणि घरात म्हातारी नाही! असं या घरात कधी झालं नव्हतं. कमलेश अजून झोपलाय. मी सावकाश चहा घेतला, रेडिओ लावला, आतल्या खोलीत दोनदा जाऊन आले. रंग छान सुकलाय. दुपारी सुकटाची चटणी करीन. आनंदाला आवडते. त्या दिवशी उपाशी उठला ते मनात राहिलंय. रागावला असेल तर असू दे, माणूस काही पळून जात नाही. महिना गेला की आईची सवय सुटेल आणि मग तो पुन्हा दोनच्या दोनला घरी येईल. मला तेवढंच हवंय, दुसरं काही नाही.

फाटकाकडून कोणीतरी हाका मारतंय. भाजीवालीचा आवाज वाटतो. माझं नाव घेतेय. बघून येते.

सोमवार, २७ जुलै

बारावं झालं.

भाजीवालीने सगळं पाहिलं. त्याने म्हातारीला पाठीवर घेऊन रूळ ओलांडले, भगदाडातून अलीकडे आणलं आणि भिंतीला टेकवून बसवलं. काठी पलीकडे राहिली होती. काठीशिवाय ती दारापर्यंत चालू शकत नाही, म्हणून तो परत गेला.

म्हातारी आतल्या खोलीत आहे. रोज दिवेलागणीला विचारते, "आनंदा आला नाय अजून?" मी सांगते, तो मेला. तुम्हाला आणताना गाडीखाली मेला. मग ती ओरडते, कपाळ बडवते, रडून रडून झोपते. सकाळी तिला काही आठवत नाही. संध्याकाळी परत विचारते. मी परत सांगते.

आज सहदेव आणि लक्ष्मी आले होते. सहदेव रडत म्हणाला, "वयनी, तुझे हाल नको. आम्ही आयला आजच नेतो, रिक्षान. कायमची."

मी नाही म्हटलं. म्हटलं, तिला माझ्याकडेच राहू दे.